मच्छूभाऊंची काळी मेंदी

कोल्हारच्या पंचक्रोशीत लग्न ठरलं की आधी तारीख धरतात, मग आचारी आणि मग माईकसाठी मच्छूभाऊ. असं मच्छिंद्र स्वतःच सांगायचा आणि सांगून झालं की स्वतःच हसायचा. कारण हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यानं अजून ऐकलं नव्हतं.

पोटापाण्याचा धंदा शेतीचा. कालव्याच्या पाण्यावर पेरूची बाग, थोडा ऊस, दोन गायींपुरता घास. पण लग्नसराई आली की हा माणूस कडक इस्त्रीचा सदरा घालून मंगल कार्यालयाच्या स्टेजवर कोपऱ्यात उभा राहायचा आणि एरवी ‘हाय-न्हाई’ बोलणाऱ्या त्याच्या तोंडातून पुस्तकातलं मराठी वाहायला लागायचं. “वधूच्या मामांनी वधूला घेऊन विवाहमंचाकडे प्रस्थान करावे!” आणि मधेच, “पांढरी बोलेरो ज्यांची असेल त्यांनी ती आचाऱ्याच्या वाटेतून काढावी, अन्यथा जिलबी बाहेर येणार नाही.” लोक हसायचे. मच्छिंद्रला वाटायचं, लोक आपल्यालाच बघायला येतात. नवरा-नवरी आपलं निमित्त.

आता ज्याला चार गावं बघतात, त्यानं बघण्यासारखं दिसायला नको? इथंच सगळा घोळ झाला. आवाज तिशीतला राहिला होता, पण डोकं पन्नाशीतच बगळ्यासारखं पांढरं झालं होतं. मिशी तर त्याच्याही आधी. म्हणून मच्छिंद्र कलप लावायचा. गोठ्याच्या खांबाला आरसा अडकवलेला, हातात जुना ब्रश, अंगात भोकं पडलेलं बनियन, आणि चेहऱ्यावर एखादं मोठं काम चालल्याचा भाव. त्याची बायको मनकर्णा धारा काढता काढता म्हणायची, “एवढा खरारा गायीला केला असता तर दूध तरी वाढलं असतं.”

कलप लावल्यावर कानामागं खाज सुटायची. मानेवर पुरळ यायचं. मच्छिंद्र त्याचा दोष उन्हाला द्यायचा, डासांना द्यायचा, मंगल कार्यालयातल्या सोफ्याच्या मखमलीला द्यायचा. एकदा तर त्यानं प्रवरेच्या पाण्याला नावं ठेवली. कलपाकडं मात्र त्यानं कधी बोट दाखवलं नाही. ज्यानं तरुण केलं त्याच्यावर संशय घेणं त्याला कृतघ्नपणाचं वाटायचं.

मग एकदा राहात्याकडच्या एका मोठ्या लग्नाचं बोलावणं आलं. नेहमीचं पाकीट दुकानात संपलेलं, म्हणून त्यानं दुसरंच कुठलं तरी आणलं, आणि लग्न मोठं म्हणून जरा जास्तच वेळ डोक्यावर ठेवलं. सकाळी उठला तर पापण्या जड. ओठ असे की जणू दुसऱ्याचे उसने आणलेत. मनकर्णा म्हणाली, “जाऊ नका.” मच्छिंद्र म्हणाला, “माईकला तोंड दिसत न्हाई.” काळा गॉगल लावला आणि गेला.

माईकला तोंड दिसत नाही हे खरं, पण माईकला ओठ लागतात हे तो विसरला होता. सुजलेल्या ओठांनी प, ब, म जमेना. “वधूच्या मामांनी” म्हणायला गेला, तर “वधूच्या वावांनी” ऐकू आलं. मामा जागचे हलेनात. मच्छिंद्रनं पुन्हा पुकारलं, आणखी जोरात, “वधूचे वावा! वधूचे वावा कुठे आहेत?” पुढच्या रांगेतली पोरं लोळायला लागली. शेवटी भटजींनीच खुणेनं मामांना बोलावलं.

लग्नाला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी मच्छिंद्रला स्टेजमागं गाठलं. गॉगल काढायला लावला.

“काका, कलप लावता का?”

“छ्या! हे आपलं मूळचंच काळं हाय.”

“मग कानाच्या पाळीला काळं कशाचं लागलंय?”

मच्छिंद्रनं पाळी बोटानं पुसली. “काजळाची तीट हाय,” तो म्हणाला. “दृष्ट लागू नये म्हणून.”

पुढं कित्येक दिवस हे उत्तर आठवलं की तो एकटाच हसायचा. त्या दिवशी त्याचं थोबाड बघून कुत्रं भुंकलं असतं, आणि ह्याला म्हणे दृष्ट लागणार!

बाईंनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि समोर बसवून सांगितलं, “कलपातलं जे रसायन केस काळे करतं, ते तुमच्या अंगाला चालत नाही. इतके दिवस खाज सुटत होती ना? ते अंग तुम्हाला सांगतच होतं. आता पुन्हा लावलंत तर याहून वाईट सुजेल. घसा आवळला तर जिवावर बेतेल. कंपनी कोणतीही असो, कलप बंद.”

मच्छिंद्रनं मान हलवली. घरी येऊन पाकीट उकिरड्यावर टाकलं आणि त्या दिवसापासून तो निसर्गाचा भक्त झाला. अर्धवट भक्त हा पूर्ण नास्तिकापेक्षा घरच्यांना जास्त त्रास देतो. त्यानं मनकर्णाची लोखंडी कढई पळवली. आवळा, माका, जास्वंदीची पानं, मेंदी, चहाचं पाणी, दही, जे कुणी सांगेल ते तिच्यात भिजवलं. माईकवरसुद्धा तो आता अक्षता वाटेपर्यंतच्या वेळात उपदेश करायला लागला, “बंधूंनो, रसायनांपासून दूर राहा. जे जे नैसर्गिक, ते ते निर्धोक!”

मनकर्णानं हे ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बिब्बा बी झाडालाच लागतो. चोळता का तोंडाला?”

मच्छिंद्रनं हे हसण्यावारी नेलं. बायकोचं बरोबर असू शकतं ही शंका त्याला साधारण दोन महिन्यांनी यायची, अशी त्याची चाल होती.

एकदा तो असा डोक्यावर लेप थापून गोठ्यात बाजेवर पडला होता, तेव्हा डोळा लागला. दह्याच्या वासानं गाय सरकत आली आणि तिनं मागून अर्धं डोकं चाटून साफ केलं. मच्छिंद्र किंचाळत उठला. धुतल्यावर एका बाजूला केस भगवे, दुसऱ्या बाजूला पांढरे. गायीला मात्र काही झालं नाही. पुढं तो सांगायचा, “आपल्या लेपाची एवढी एकच शास्त्रीय चाचणी झाली.” दुसऱ्या वेळेला त्यानं दार लावून लेप लावला आणि मग सगळं डोकं सारखं भगवं झालं. मेंढपाळ कळपातली आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर रंग मारतात ना, तसा तो रंग. पण खाज नाही, सूज नाही. तिथंच थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

पण त्याच हंगामात त्याच्या लेकीचं, राजनंदिनीचं, लग्न जमलं. राजनंदिनी नगरजवळच्या केडगावला मावशीकडं राहून शिकलेली, आता नगरलाच एका पतसंस्थेत नोकरीला. मुलगा पुणतांब्याचा, शेती आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलाचे वडील सूर्यभानराव हे मोठं प्रस्थ. साठीच्या घरात असून डोकं काळंभोर, मिशी पिळदार. बैठकीत मच्छिंद्रची नजर पुनःपुन्हा त्या डोक्याकडं जात होती. साखरपुड्याला या काळ्या व्याह्याशेजारी आपण भगवं मेंढरू म्हणून बसायचं, हा विचार त्याला झोप येऊ देईना.

गावच्या भगवतीच्या यात्रेत त्याला उपाय सापडला. एका मांडवात एक माणूस गळ्यात माईक अडकवून ओरडत होता, “शंभर टक्के हर्बल काळी मेंदी! केमिकल नाही, कलप नाही! ऋषीमुनींची देणगी!” मच्छिंद्रला पहिल्यांदा त्याचा माईकवरचा सूर आवडला. मग पाकीट आवडलं. हिरवंगार, वर पानं, फुलं आणि एक दाढीवाले बाबा, ज्यांची दाढी मात्र पांढरीच होती. हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

घरी राजनंदिनीनं पाकीट हातात घेतलं. “अण्णा, मेंदी कुठं काळी असती का? लाल नाहीतर भगवी. ह्यात दुसरं काहीतरी असणार. मागं काय लिहिलंय ते तरी वाचा.”

“अगं, पाकीट हिरवं हाय!”

“त्यानं काय होतं? औतावरच्या बैलाला झूल घातली म्हणून तो हत्ती होत न्हाई. आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या?”

“त्या म्हणल्या कलप लावू नका. मेंदी लावू नका असं कुठं म्हणल्या?”

राजनंदिनी म्हणाली, “बरं, लावायचंच असलं तर आधी थोडं हातावर लावून दोन दिवस बघा.” पण साखरपुडा दुसऱ्याच दिवशी होता. दोन दिवस आणायचे कुठून? मच्छिंद्रनं डोक्याला लावलं, मिशीला लावलं, उरलं ते वाया जाऊ नये म्हणून भुवयांनाही लावलं. आरशात बघितलं तर खरोखर काळंभोर. त्यानं मिशीला पीळ देऊन बघितला. “सूर्यभानराव,” तो आरशाला म्हणाला, “आता या.”

सकाळी मनकर्णा चहा घेऊन आली आणि कप तसाच हातात धरून दारातच थबकली.

“अगो बाई! हे कोण झोपलंय आमच्यात?”

मच्छिंद्रला ती दिसत नव्हती. डोळे उघडतच नव्हते. कपाळ पुढं आलं होतं, कान जाड झाले होते, डोक्यातून पाणी झिरपत होतं. श्वासाला अजून धोका नव्हता, पण मनकर्णानं दुसरा शब्द बोलू दिला नाही. पुतण्याच्या गाडीत घालून तिनं त्याला सरळ त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. निघताना ते हिरवं पाकीट तेवढं आठवणीनं पिशवीत टाकलं.

दवाखान्यात चार माणसं आधीची होती. नर्सनं पटकन इंजेक्शन देऊन त्याला बाकावर बसवलं. हळूहळू एक डोळा फटीएवढा उघडला. मच्छिंद्रनं मोबाईलवर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि वाचायला लागला. आता हा माणूस मनात वाचू शकत नाही. आयुष्यभर नावं पुकारलेली. कागदावर नाव दिसलं की तोंडातून मोठ्यानं बाहेर पडतं.

“मेंदी पावडर. आवळा. शिकेकाई. रिठा. भृंगराज.” सगळे ओळखीचे, घरचेच. जणू भावकी येऊन बसली. मग अक्षर आणखी बारीक झालं. “बेरियम... पेरॉक्साईड.” तो थबकला. “पी... फेनि... लीन... डाय... अमाईन.” बाकावरची माणसं माना वळवून ऐकायला लागली. मच्छिंद्रनं फटीतून त्यांच्याकडं बघितलं आणि सवयीनं विचारलं, “हे पाव्हणं कुणाकडचं?”

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “तेच ते! मागच्या वेळी कलपात होतं ना, तेच. हिरवे कपडे घालून आलंय.”

बाकावरची एक म्हातारी, तिचं नाव बनुबाई, पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मच्छिंद्रलाही हसू आलं, पण ओठ ताणले की दुखायचं, म्हणून तो नाकातून हसला. ते आणखीच वाईट दिसलं असावं, कारण समोरच्या बाईचं कडेवरचं मूल रडायला लागलं.

बाईंनी गोळ्या दिल्या, दुपारपर्यंत थांबवून घेतलं आणि धोका नाही असं बघून मगच सोडलं. “नैसर्गिक म्हणजे काय, ते पाकिटाच्या पुढच्या बाजूला नसतं लिहिलेलं,” त्या म्हणाल्या. “मागं बघायचं. आणि मेंदी काळी असते असं कुणी म्हणालं की पाऊल मागं घ्यायचं.”

“लेकीनं हेच सांगितलं हुतं,” मच्छिंद्र पुटपुटला.

“मग माझ्याकडं कशाला आलात?”

साखरपुडा संध्याकाळचा होता. पाहुणे वेळेवर आले. मच्छिंद्र आतल्या खोलीत दार लावून बसला. बाहेर मनकर्णानं सांगावं की त्यांना ताप आलाय, असं त्याचं म्हणणं. मनकर्णा आत आली. “पोरीच्या साखरपुड्याला बाप दाराआड बसणार व्हय? चला. तुमचं डोकं बघायला कुणी आलेलं न्हाई.”

मच्छिंद्र बाहेर आला. नवऱ्यामुलाच्या हातातला पेढा हातातच राहिला. मग पाहुण्यांपैकी एकजण हळहळून म्हणाला, “आरारा, आग्यामोहोळ उठलं का काय?”

मच्छिंद्रला वाटलं, देवानंच ही वाट काढून दिली. पेरूच्या बागेत मोहोळ उठलं म्हणावं, चार माणसं हळहळतील, कुणी हळद लावायला सांगेल, इज्जत राहील. तो ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडणारच, तेवढ्यात त्याला कोपऱ्यात साडी सावरत बसलेली राजनंदिनी दिसली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती. तिला माहीत होतं बाप आता काय सांगणार ते. नव्या सोयऱ्यांपुढं साखरपुड्यातलं तिच्या बापाचं पहिलंच वाक्य खोटं निघणार होतं.

“मोहोळ न्हाई, पाव्हणं,” मच्छिंद्र म्हणाला. “तुमच्या शेजारी म्हातारा दिसू नये म्हणून काळी मेंदी लावली. लेक नको म्हणत हुती, डॉक्टर नको म्हणत हुत्या, बायको तर दहा वर्षं नको म्हणतीय. आता म्हातारा दिसत न्हाई हे खरं; पण माणूस तरी दिसतो का, ते तुमीच सांगा.”

नवऱ्यामुलाची आई फिसकन हसली आणि सगळी बैठक हसली. राजनंदिनीही हसली. मच्छिंद्रनं मग गायीनं डोकं चाटल्याची गोष्टही सांगून टाकली, आता काय लपवायचं? हसले नाहीत ते एकटे सूर्यभानराव. त्यांचा हात उगाच कानामागं गेला होता.

अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. पाहुण्यांना बाग दाखवायची म्हणून मच्छिंद्र सूर्यभानरावांना पेरूच्या रांगेत घेऊन गेला. झाडाआड गेल्यावर व्याही थांबले. इकडं तिकडं बघितलं.

“मच्छिंद्रराव, तुमाला आधी खाज सुटायची का?”

“कुठं?”

सूर्यभानरावांनी कॉलर खाली ओढली. मानेवर लाल चट्टे, त्यावर खपल्या. “दोन वर्षं झाली. मी म्हणतो घामोळं हाय.”

“मी प्रवरेचं पाणी म्हणायचो,” मच्छिंद्र म्हणाला. “तुमच्याकडं गोदावरी. ती बिचारी बी बदनाम झाली असंल.”

मग दोघं व्याही झाडाखाली उभे राहून हसले. सूर्यभानराव म्हणाले, “आमच्या घरात कुणाला ठावं न्हाई मी कलप लावतो ते.” मच्छिंद्रनं त्यांच्या कानाच्या पाळीवरचा काळा डाग बघितला, पण तो काही बोलला नाही. फक्त डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आणि म्हणाला, “वाट बघू नका. मी वाट बघितली म्हणून असा दिसतोय.”

सूज उतरायला आठवडा लागला. डोक्यावरच्या जखमा भरून यायला त्याहून जास्त. केस वाढले तेव्हा मुळाशी पांढरे, टोकाला काळे आणि काळं उडालं तिथं खालचे भगवे. न्हाव्यानं विचारलं, “कुठला रंग ठेवू?” मच्छिंद्रनं पांढरा ठेवायला सांगितला.

पण निसर्गभक्तीच्या जागी आता त्याच्यात दुसरं वेड शिरलं. तो वाचायला लागला. साबण, पावडर, दाढीचा फेस, जे हातात येईल ते उलटं करून मागचं बारीक अक्षर मोबाईलवर मोठं करायचा आणि मोठ्यानं पुकारायचा. गावातल्या पुंजारामच्या किराणा दुकानात तो शिरला की मागची गिऱ्हाइकं सुस्कारे सोडायची. “पुंजाराम, ह्यात सुगंध एवढंच लिहिलंय. कशाचा सुगंध?” पुंजाराम म्हणायचा, “मच्छूभाऊ, साबण घ्यायचाय का त्याची सोयरीक जुळवायचीय?”

त्याला सगळं कळत होतं असं मुळीच नाही. निम्मी नावं त्याला उच्चारता यायची नाहीत. पण काही साध्या गोष्टी त्यानं धरून ठेवल्या. आत जितकी कमी पाहुणेमंडळी तितकं बरं. नवं काही असलं की आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस गप्प बसायचं. आणि ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते घ्यायचंच नाही.

हे शेवटचं त्याला घरातच वापरावं लागलं. मनकर्णाच्या कपाटात एक पांढरी डबी सापडली. सणावाराला ती चेहऱ्याला लावायची. आठवडी बाजारात एका बाईनं ‘गोरं करणारी जडीबुटी’ म्हणून दिलेली. मच्छिंद्रनं डबी चारही बाजूंनी फिरवली.

“ह्याच्यावर बनवणाराचं नाव न्हाई, गाव न्हाई. ज्या पत्रिकेवर निमंत्रकाचं नाव न्हाई त्या लग्नाला आपण जातो का?”

मनकर्णाला राग आला. “तुमी मला शिकवू नका. एवढं वाचून लावलं तरी सुजला न्हवं?”

“वाचून कुठं लावलं? सुजल्यावर वाचलं.”

यावर मनकर्णाला हसू आवरलं नाही. डबी तिनं त्याच्या हातात दिली नाहीच. पण पुढच्या वेळी औषधाला गेली तेव्हा स्वतःच डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. बाई म्हणाल्या, असल्या बिननावाच्या डब्यांत कधी पारा सापडतो, कधी त्वचा पातळ करणारं औषध. आत्ताच बंद करा. मनकर्णानं बंद केली. घरी येऊन मच्छिंद्रला मात्र एवढंच सांगितलं, “संपली.”

लग्न वैशाखात झालं. माईकवर राहुरीचा एक तरुण निवेदक होता. वधूपित्यानं स्वतःच स्वतःचं स्वागत करणं बरं दिसलं नसतं. मच्छिंद्र पांढरं डोकं आणि पांढरी मिशी घेऊन तयार होऊन आला. मनाची तयारी त्यानं आठवडाभर केली होती. कोण काय म्हणेल, त्याला काय उत्तर द्यायचं, सगळं पाठ.

मंगल कार्यालयाच्या दारात फेटेवाले बसले होते. त्यांनी आल्या आल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्याला केशरी फेटा गुंडाळायला सुरुवात केली. काका, मामा, आत्याचे यजमान, पुंजाराम, सगळे. समोरून सूर्यभानराव आले, तेही फेट्यात. त्यांचे केस काळे आहेत का पांढरे, हे मच्छिंद्रला काही केल्या दिसेना. मिशी मात्र त्यांनी साफ उतरवली होती. अख्ख्या मांडवात एका पुरुषाच्या डोक्यावरचा एक केस दिसत नव्हता.

मच्छिंद्रनं हे बघितलं आणि त्याला असं हसू फुटलं की फेटेवाल्याला हात थांबवावे लागले. “दोनदा मरता मरता वाचलो रे बाबा,” तो डोळे पुसत म्हणाला, “आणि तुमी लोक हितं सगळं झाकूनच टाकता!”

“हलू नका भाऊ, पदर नीट बसत न्हाई,” फेटेवाला म्हणाला.

मच्छिंद्रनं मान ताठ धरली. मग त्यानं कापडाचं लोंबतं टोक हातात धरलं, बाटलीतलं थोडं पाणी त्यावर टाकलं, चिमटीत चोळलं आणि बोटं उजेडात धरून बघितली.

“ह्याचा रंग जातो का?” त्यानं विचारलं.